गोकेंची जोडी

आमच्या शेडमध्ये एक शब्द दिवसभर कानावर पडायचा. गोके. गोके म्हणजे विधवा, पण आम्ही तो माणसांसाठी वापरत नव्हतो. भांडं फुटलं आणि झाकण राहिलं, की आमच्याकडे त्या झाकणाला गोके म्हणतात. शेडमध्ये आम्ही घासायचो त्या फेराइटचंही तसंच. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात बसणारा हा काळा गाभा दोन तुकड्यांचा असतो. प्रत्येक तुकड्याला तीन पाय, आणि पायाला पाय भिडवून दोघं समोरासमोर बसतात. दोघांचे तळवे एकत्र घासून गुळगुळीत केले की ती झाली मेओतो, म्हणजे नवराबायको. त्यातलं एक फुटलं की उरलेली गोके, आणि गोके थेट भंगाराच्या पिवळ्या टबात.

किसा दोमोन ही आमच्यातली एकटीच खरीखुरी गोके. "ए, ती गोके उचल की!" असं कुणी ओरडलं, तर मान न वळवता ती विचारायची, "कोण? मी का तो दगड?" नवीन आलेल्या बायका जीभ चावायच्या. जुन्या हसायच्या. किसाही हसायची, पण टबाकडे बघायची नाही.

तिचा नवरा एइकिची. हिवाळ्यात आमच्या शेतांवर कमरेइतकं बर्फ साचतं, आणि गावातले पुरुष तोक्योकडे बोगदे खणायला जातात. तो गेला आणि राख होऊन, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या पेटीतून परत आला. मग नातेवाईक जमले. किसाला मूलबाळ नाही, वय आहे, तिने माहेरी जावं. सासूला, म्हणजे ताने-सानना, पुतण्यांनी पाळीपाळीने ठेवून घ्यावं, असं ठरत होतं. ताने-सानची नजर तेव्हाच अधू झाली होती. त्या भिंतीला टेकून, आपण त्या गावच्याच नाही असा चेहरा करून बसल्या होत्या. किसा चहा ओतत होती. किटली खाली न ठेवताच ती म्हणाली, "आईला कुणाच्या पाळीत टाकायचं नाही. मी इथंच आहे." एवढंच. माणसं चहा पिऊन गेली. एइकिचीचे रबरी बूट दाराशी जिथे होते तिथेच राहिले, टाचा घराकडे, जणू आत्ता पाय घालून निघायचंय.

मला काम शिकवलं ते तिनेच. पहिल्याच दिवशी माझ्या हातात एक तुकडा देऊन विचारलं, "काय आहे हे, नोबु?"

"लोखंड."

"लोखंडाचा गंज. त्यात दोन-चार जिनसा मिसळून भट्टीत भाजलेला. मोठ्या कारखान्यातून भाजून येतो तो, आणि भट्टीत चांगलाच आक्रसतो. म्हणून दोन सख्खी भावंडंसुद्धा मापाला सारखी नसतात. खाली टाकशील?"

"नाही टाकणार."

"टाकशीलच. तेव्हा फुटला तर बरं. तडकला आणि फुटला नाही, तर वाईट." तिने बांबूच्या काडीने तुकड्यावर टिचकी मारली. टिण्ण. दुसरा घेतला. टक्. "ह्याच्या पोटात चीर आहे. बाहेरून नवरदेव, आतून गेलेला."

बाकीचे नियम तिने शिव्यांच्या आधाराने शिकवले. घासलेल्या तळव्याला उघडं बोट लावायचं नाही; बोटाच्या तेलकटपणाने दोन तळव्यांमध्ये फट राहते, आणि एवढीशी फटसुद्धा सगळा जोर खाऊन टाकते. तुकडे एकमेकांवर आपटायचे नाहीत, पत्र्यावर ठेवायचे नाहीत, रबरावर ठेवायचे. माल तापवून तपासायच्या गरम पेटीतून काढलेला तुकडा गार पाण्याखाली धरायचा नाही. मी एकदा धरला होता. "सुनेला भर थंडीत अंगणात काढतात तसं काढलंस त्याला," असं ती सगळ्या शेडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. मला राग आला होता. अजूनही आठवलं की येतो.

मे महिन्यात भूकंप झाला तेव्हा आम्ही जेवणाचे डबे उघडत होतो. आधी खिडक्या वाजल्या, मग जमीनच बाजूला सरकली. सारुता हान्चो, आमचा टोळीप्रमुख, "बाहेर!" म्हणून ओरडला आणि आम्ही डब्यांसकट बाहेर पळालो. माझ्या हातात चॉपस्टिक्स आणि तोंडात मुळ्याचं लोणचं तसंच. आमच्या गावात कुणाला खरचटलंही नाही. पण उत्तरेकडे समुद्र आत आला आणि माणसं घेऊन गेला, लहान मुलंसुद्धा. त्यामुळे शेडमध्ये परतल्यावर जे दिसलं त्यावर रडायची आम्हाला लाज वाटली.

महिनाअखेरीला पाठवायचा सगळा माल जमिनीवर होता. फळ्या उलटल्या होत्या, जोड्यांना बांधलेल्या कागदी पट्ट्या तुटल्या होत्या. बरेचसे तुकडे फुटले होते. जे धड होते ते असे कालवले गेले होते, की कोण कुणाचा जोडीदार हे देवालाही सांगता आलं नसतं. अख्खी जमीन गोकेंनी भरली होती.

सारुता हान्चो उकिडवा बसला. "संपलं," तो म्हणाला. "मोठ्या कारखान्यात नवं मशीन आलंय. हे काम आपल्याकडून काढून घ्यायला त्यांना निमित्तच हवं होतं. महिनाअखेर माल गेला नाही की शेडला कुलूप."

शेडला कुलूप म्हणजे किसाला नागोयाच्या गिरणीत जावं लागणार, आणि ताने-सान पुतण्यांच्या पाळीत. सगळ्याजणी तिच्याकडेच बघत होत्या.

किसाने हातमोजे चढवले. "झाडू नका," ती म्हणाली. "झाडूने आणखी तडकतील. हाताने उचला. प्रत्येकीचा नवरा शोधून द्यायचा."

आता पुढे आम्ही केली ती चूक फक्त आमच्याच शेडमध्ये होऊ शकते. एकदा मेओतो झाली की ती तोडायची नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. आम्ही घासल्याच्या बारीक रेघा उजेडात धरून जुळवायला लागलो. ह्या तुकड्याच्या रेघा डावीकडे झुकतात, त्याच्याही झुकतात, म्हणजे हीच त्याची बायको! मग जोडून तारेचं वेटोळं चढवावं, तर जोर मोजणाऱ्या मीटरचा काटा अर्ध्यावर. एकाचा मधला पाय टेकायचा तर दुसऱ्याचे कडेचे पाय अधांतरी. डोळ्यांत पाणी येईस्तोवर शोधत होतो. हाती लागल्या मूठभर जोड्या. मी वैतागून म्हटलं, "किसा-सान, ह्यातले निम्मे नवरे फुटून मेलेत. मेलेल्याला कुठून शोधून आणू?"

मी म्हणाले त्यात वाईट काही नव्हतं, पण ऐकायला वाईट होतं.

किसा हातातल्या तुकड्याकडे बघत राहिली. मग तिने तो रबरावर ठेवला, सावकाश, नेहमी ठेवायची तसाच. "खरंय," ती म्हणाली. "जो यायचा नाही तो यायचा नाही. बंद करा शोधणं. ह्यांची नव्याने लग्नं लावू."

"गोकेंची?" सारुता उठून उभा राहिला. "मापाचं काय?"

"उंचीप्रमाणे निवडायच्या. जवळजवळच्या दोघींना घासायच्या मशीनवर शेजारी बसवायचं आणि एकाच फेरीत घासायचं. तिन्ही पाय एका पातळीत येतात."

"आणि दोघी बुटक्या होतात!"

"केसभर. मापाच्या नकाशात केसभर सूट आहे ना?"

"आहे. पण ती पहिल्या घासणीसाठी आहे. दुसऱ्यांदा घासलेला माल घ्यायचा की नाही हे ते ठरवणार."

"मग विचारा त्यांना. फोन काय शोभेला आहे?"

सारुताने मोठ्या कारखान्याला फोन केला. समोरून इनागाकी-सान म्हणून तपासनीस होते, त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. स्वतः येऊन बघतो म्हणाले. आमच्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

मग जे घासणं सुरू झालं! टिचकी मारायचं काम माझ्याकडे. टिण्ण तो राहिला, टक् तो गेला. टक् म्हणणारे इतके निघाले की तो आवाज मला घरी भात वाढतानाही ऐकू यायचा. मशीनवर किसा. पाण्याची धार, काळा चिखल कोपरापर्यंत. घाई करून खोल घास घेतला तर कडा उडतात, म्हणून ती दर फेरीला नुसता ओरखडा काढल्यासारखं घासायची. सारुता मागून कुरकुरायचा, "अशाने पुढचा भूकंप येईल." ती म्हणायची, "येऊ दे. तेव्हा फळ्या नीट ठोकलेल्या असू देत म्हणजे झालं." फळ्या सारुतानेच ठोकल्या होत्या. तो हातोडी शोधायला गेला.

घासून झालं की धुवायचं, पुसायचं आणि एक तुकडा दुसऱ्यावर सरकवून बघायचं. तळवे खरंच सपाट असतील, तर सरकता सरकता ते एकमेकांना धरतात. ओढावं तर सहज सुटत नाहीत. किसा प्रत्येक जोडी अशी सरकवायची. धरलं नाही तर परत मशीनवर. मीटरपेक्षा आधी तिला कळायचं असं मी म्हणणार नाही. कधीकधी तिने चांगली म्हटलेली जोडी मीटर नापास करायचा आणि ती मीटरलाच दोन शिव्या घालायची. पण जोडी मात्र पुन्हा घासायची. ताने-सानना सकाळी जेवण वाढून यायची, आणि चिखलाने माखलेली परत जायची. एकदा मी म्हटलं, "थकलीस." ती म्हणाली, "थकायला वेळ नागोयाच्या आगगाडीत मिळेल."

इनागाकी-सान आले. सडपातळ, अबोल माणूस. आल्याबरोबर त्यांनी खोक्यांमधून आपल्या हाताने जोड्या उचलल्या, वरच्या नाही, तळातल्या. उंची मोजली. पास. मीटरवर लावल्या. एक नापास, बाकी पास. मग म्हणाले, "गरम पेटी लावा. हा गाभा पंख्याखाली बसून काम करणार नाही. गरम असताना किती वीज वाया घालवतो, ते बघायचंय."

पेटी तापेपर्यंत चहा झाला. मला राहवेना, म्हणून मी म्हटलं, "इनागाकी-सान, हे फेराइट अगदी आमच्या हान्चोसारखं. गार असताना नुसती कुरकुर. पोटात साकेची गरम दारू गेली की शहाणं."

इनागाकी-सान हसले नाहीत. "आणि फार तापलं तर पुन्हा बिघडतं," ते म्हणाले. सारुता मान खाली घालून म्हणाला, "तेही माझ्यासारखंच." तेव्हा मात्र ते हसले.

तापलेल्या जोड्या एकेक करून मीटरवर चढल्या. किसा हात पाठीमागे बांधून उभी होती. पहिली पास. दुसरी पास. तिसरीचा काटा हलला, रेंगाळला. काटा रेघेच्या आत येऊन थांबला. इनागाकी-साननी आणखी जोड्या मागितल्या. त्याही झाल्या. शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला. "माल घेतो," ते म्हणाले. "खोक्यावर काय लिहायचं मात्र ठरवा."

सारुताची गाळण उडाली. "नेहमीसारखंच लिहू. मेओतो. दुसरं काही लिहिलं तर उगाच प्रश्न येतील."

"प्रश्न येऊ देत," किसा म्हणाली. "लिहा: जोडीदार फुटल्यामुळे दुसऱ्यांदा घासून जुळवलेल्या. खरं आहे ते. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

सारुताने इनागाकी-सानकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. खोक्यांवर तसंच लिहिलं गेलं, आणि माल महिना संपायच्या आत निघाला. शेडला कुलूप लागलं नाही. आणखी एक गोष्ट झाली, ती कुणी बोलून ठरवली नव्हती. पिवळा टब मशीनशेजारी आला. उरलेले तुकडे त्यात पडत राहिले, पण आता ते फेकण्यासाठी नव्हते.

माल गेला त्या संध्याकाळी मी किसाबरोबर तिच्या घरी गेले. दारात मी थबकले. एइकिचीचे बूट नव्हते.

"आई, बूट?" किसाने विचारलं.

"सारुताला दिले," ताने-सान आतून म्हणाल्या. "सकाळी चौकशीला आला होता. पाय वाजत होते त्याचे, फाटक्या बुटांत पाणी शिरलेलं. मला दिसत नाही, ऐकू येतं. कधीची द्यायचे म्हणत होते. तू काही म्हणशील म्हणून राहिले."

किसा त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिने ते चिखलाच्या बाहीने पुसलं आणि गालावर काळा फराटा ओढला. "बरं केलंत," ती म्हणाली, आणि आपले बूट काढून त्या जागी ठेवले.

चहा पिताना तिने खिशातून एक जोडी काढली. एका पायाची कड उडाल्यामुळे नापास झालेली, सारुताने तिला देऊन टाकलेली. "लोणच्याच्या पिंपाच्या झाकणावर ठेवायला वजन," ती म्हणाली. "मिठाच्या हवेतही गंजणार नाही."

"लोखंड आणि गंजत नाही?"

"एकदा गंजून, भाजून झालंय, आई. आता काय गंजणार?"

ताने-साननी ती दोन्ही हातांत घेतली. बोटांनी सगळीकडून चाचपली. जोड सापडायला त्यांना वेळ लागला. "ह्यातला नवरा कुठला?"

"एकही नाही. दोन्ही गोके."

म्हातारीने दोन्ही बाजूंनी धरून ओढलं. सुटेना. पुन्हा ओढलं, दात आवळून. मग हात मांडीवर टेकले.

"दोघी गोके, तर मग सुटत का नाहीत गं?"

"एकत्र घासल्या गेल्यात ना," किसा म्हणाली, आणि सासूच्या पेल्यात चहा ओतला.