आईच्या डोक्याचं फडकं

व्हर्लीन टगल शाळेची बस चालवायची. अमेरिकेतल्या मेकन शहरात आमच्या काळ्या वस्तीतल्या बाईने सिनेमा काढावा, हे १९७४ साली कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आधी बस नीट वळव म्हणावं, असं आमचे पुरुष तिच्या पाठीमागे म्हणायचे. तिने कुणाला भीक घातली नाही. जुना कॅमेरा विकत घेतला आणि थेट आमच्या स्वयंपाकघरात आली.

कारण शनिवारी सगळी वस्ती तिथंच. माझी आई आयडेला शेगडीवर लोखंडी कंगवा तापवून बायकांचे केस सरळ करून द्यायची, रविवारच्या चर्चसाठी. स्वतःच्या डोक्याला मात्र कायम फडकं. व्हर्लीन पाच शनिवार कोपऱ्यात कॅमेरा धरून उभी होती. एकदा आईने हसत हसत फडकं सोडलं, विरळ गुंतलेले केस खाजवले आणि म्हणाली, "दिव्याखाली अंधार, बघ बाई."

व्हर्लीनची एक रीत होती. जे सिनेमात आहेत त्यांना आधी दाखवायचं, आणि ज्याला आपण दिसायला नको असेल त्याचा तुकडा कापायचा. चर्चच्या तळघरात तळलेले मासे खात सगळ्यांनी बघितलं. आई तापाने घरी होती. मी होते, आणि शेजारी माझी नवी सासू, दोन पिढ्या मास्तरांच्या घरातली. आईचं ते डोकं भिंतभर दिसलं तेव्हा सासूबाईंनी रुमाल तोंडाला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर व्हर्लीनला गाठून म्हटलं, आईला सिनेमात स्वतःचं काही नकोय.

"तिने स्वतः सांगितलं?"

"हो. लाजते ती."

व्हर्लीनचा चेहरा पडला. त्या सगळ्या सिनेमात तिचा जीव होता तो तेवढ्यातच. पण म्हणाली, मग नुसते हात ठेवते. आठवड्याने कापलेले तुकडे पाकिटात घालून माझ्याकडे दिले. तिचं आहे, तिलाच दे म्हणाली. मी ते कपाटात तळाशी दडवलं.

सिनेमा सगळ्या गावाला दाखवला त्या दिवशी आई पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत बसली. आजूबाजूच्या बायकांना सांगत होती, थांबा, आता मी येईन. कंगवा आला, हात आले, बाकी सगळ्या बायका आल्या. दिवे लागले तरी ती पडद्याकडेच बघत होती.

घरी जाताना म्हणाली, "माझंच काही चुकलं असेल. म्हातारीचं थोबाड कशाला घेईल बिचारी." मी शेजारून चालत होते. तोंड उघडलं नाही. एवढी नीच कशी झाले मी, देव जाणे.

आईने व्हर्लीनला कधी विचारलं नाही आणि व्हर्लीननेही आईला नाही. दोघी एकमेकींचा मान राखत राहिल्या. सोळा वर्षांनी आई गेली.

गेल्या महिन्यात वाचनालयात व्हर्लीनचा सत्कार झाला. तिच्या हाताखाली शिकलेल्या अकरा मुली आज सिनेमे काढतात, सगळ्या आल्या होत्या. मी ते पाकीट पर्समध्ये घालून गेले. म्हटलं, आज सगळं सांगून टाकायचं. कुणी थुंकलं तर थुंकू दे.

व्हर्लीन काठी टेकत उठली. म्हणाली, "आयुष्यात मला एकाच बाईने नाही म्हटलं. मिस आयडेला. माझं काळीज तुटलं, पण त्या दिवसापासून मी शिकले, माणसाचा चेहरा त्याचा असतो. या पोरींना मी पहिलं तेच शिकवलं." मग तिने माझ्याकडे हात केला. "ही तिची लेक. ऊठ पोरी, लोकांना बघू दे."

त्या अकराही जणी टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. मी पर्स छातीशी धरली आणि उठून उभी राहिले.