आठ नंबरची चप्पल

कैद्यांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थांना मदत करणारं आमचं नाशिकचं कार्यालय. तुरुंगाच्या फाटकाशी मी उभी राहत नाही. मी याद्या करते. कोण कधी सुटणार याचा निरोप आमच्याकडे येतो, आणि यादीतली एखादी संस्था त्याला घ्यायला जाते.

हरसूलकडची संस्था एक निवृत्त गुरुजी चालवायचे. सुटणाऱ्याच्या पायाचं माप आधीच विचारून ते नवी चप्पल घेऊन जायचे. "गावात अनवाणी शिरला की लोक आधी पाय बघतात," म्हणायचे. त्यांच्यामुळे माझ्या यादीत मापाचा रकाना आला.

गेल्या पावसाळ्यात यादीसाठी दरवर्षी भरायच्या त्यांच्या फॉर्मवर सचिवांची सही नव्हती.

"सचिव भाताच्या आवणीत आहेत, ताई. चिखलाचा अंगठा चालेल का?"

"सही आली की नाव यादीत, गुरुजी. तोवर नाही."

"आमच्या गावचा एक जण या आठवड्यात सुटतोय."

"दुसरी संस्था जाईल."

त्यांनी पिशवीतून आठ नंबरची चप्पल काढून माझ्या टेबलाखाली ठेवली. "जो जाईल त्याच्याकडे द्या."

दोनच दिवसांत निरोप आला: गुरुजींच्या गावचा तो माणूस आज संध्याकाळी सुटतोय. यादीतल्या संस्थेचा माणूस मालेगावला होता. म्हणाला, सकाळी जातो. गुरुजींचा नंबर समोर होता. मी लावला नाही.

सुटल्यावर तो फाटकाशी थोडा वेळ थांबला आणि रस्त्याला लागला, एवढंच पहारेकऱ्याला आठवतं. घरी तो पोहोचलाच नाही. पोलीस ठाणं, सिव्हिल हॉस्पिटल, सगळे एसटी स्टँड, घाट. मी एकेक करून सगळीकडे जाऊन आले.

त्याची बहीण दर महिन्याला येते. यंदा आम्ही जागा बदलली. जुन्या दारावर नवा पत्ता चिकटवलाय, असं मी तिला सांगितलं.

"त्याला वाचता नाय येत, ताई," ती म्हणाली. "तुरुंगात भेटीला गेले तवा जुन्या हापिसाचा जिना सांगून ठेवलाय त्याला. काय अडलं तर तिथं जा म्हणलं."

मी चप्पल तिच्यापुढे केली. ती घेऊन बहीण उठली, मला जुन्या इमारतीत घेऊन गेली आणि कुलूपबंद दाराबाहेर तिने ती जोडीने ठेवली.

"आता कळंल त्याला."

तेव्हापासून कामावर जाण्याआधी मी तो जिना चढते. खालचा झेरॉक्सवाला विचारायचा, "मॅडम, आत कोण बसतं? बाहेर चप्पल असते."

या सोमवारी चप्पल नव्हती. झेरॉक्सवाल्याने कुणाला पाहिलं नव्हतं. धुळीत दोन तळव्यांएवढी जागा तेवढी स्वच्छ होती.

कोणीही उचलली असेल. आठ नंबर पुष्कळांना बसतो. बहिणीला काय सांगायचं याचे तीन मुद्दे काढून ठेवलेत. फोन अजून केलेला नाही. जिना मात्र रोज चढते.