मिशीत अडकलेला फेस

थांबा, हातातलं काम ठेवा, हे आत्ताच सांगायला पायजे. कपाट आवरताना माझी गोळ्यांची जुनी डबी घावली आणि मी एकटीच हसत बसलीय.

मी पाचवीत असताना आईनं मला तिची किडनी दिली. माझ्या अंगानं ती परकी समजून हाकलून लावू नये म्हणून सकाळी आठला गोळ्या, रात्री आठला गोळ्या, कायमच्या. त्या गोळ्या अंगाची राखणच ढिली करत्यात, म्हणून कच्चं काय म्हणजे काय पोटात जायचं न्हाय. वर त्याच औषधांनी गाल पुरीगत टम्म फुगले आणि ओठावर चक्क मिशी आली. पोरीला. पाचवीत.

माझा मामा तालमीतला. म्हणायचा, "कोण म्हणतंय पोरगी आजारी हाय? मिसरूड फुटलंय की तिला."

एका संध्याकाळी फिरवून आणतो म्हणून त्यानं मला थेट म्हशीच्या कट्ट्यावर नेलं. तिथं समोर धार काढत्यात आणि गिलास तसाच हातात देत्यात. मी म्हटलं, "आई मारंल." मामा म्हणाला, "आईची किडनी हाय न्हवं तुझ्यात? मग तिला जरा ताकद नको व्हय?"

पटलं की मला. दोन घोट मारले. कोमट, गोड, नुसता फेस. मग गोळ्या आठवल्या आणि गिलास मामाकडं सरकवला.

घरी आई दारातच. तोंड बाहीनं पुसलेलं, पण फेस मिशीत अडकलेला.

"हे काय गं?"

"आईस्क्रीम," मामा म्हणाला.

"आईस्क्रीमला म्हशीचा वास येतोय व्हय रं?"

मला वाटलं आता लाटणं. पण ती खाली बसली, माझ्या पोटावरच्या टाक्यांवर हात ठेवून. म्हणाली, "दिली म्हणून सोडली न्हाय मी. माझी बी हाय ती."

मग डॉक्टरांना फोन, रक्त तपासणी, आणि ताप येतोय का बघायला मामाच आठ दिवस थर्मामीटर घिऊन उशाशी. तालीम बंद. पहिलवान गडी, पारा तीन-तीनदा वाचायचा. ताप आला न्हाय. रिपोर्ट चांगला आला तसा मामा हमसून रडला, आणि त्या दिवसापासनं आमच्यातलं दूध त्योच उकळायला लागला. इतकं की निम्मं शेगडीवरच उतू जायचं.

किडनी अजून झ्याक हाय. गोळ्या बदलल्या तशी मिशी गेली.

तुमच्यात बी हुतं का असं कोण, मायेपायी घात करणारं? आणि तुम्ही कशानं घावला?