सरांनी सांगितलेला अर्थ

"सरका बाजूला, म्या हाय ना!" असं म्हणत शर्टाच्या बाह्या वर सारणारे आप्पा दिसले, की न्हावऱ्यात लोक हातातलं काम लपवायचे. तुमच्याही गावात असे एक आप्पा असतीलच. आमच्या आप्पांनी पाण्याची मोटार दुरुस्त केली, की वायरमन बोलवावा लागे. रुतलेली उसाची ट्रॉली त्यांनी अशी काही ढकलली, की ती थेट पाण्याच्या चारीत जाऊन बसली. कोरेगाव भीमाला निघालेलं वऱ्हाड त्यांनी एकदा जवळचा रस्ता म्हणून भलतीकडच्याच राहू गावाला धाडलं. तिथून फोन आला, तर म्हणतात, "पोचले व्हय? लवकर पोचले की!"

मी दौंडहून बदली होऊन तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलो होतो. एका धड्यात 'अनहेल्पफुल' शब्द आला. ज्याचा काडीचा उपयोग नाही असा, एवढं सांगून पोरांना उमजेना. मी म्हणालो, "आपले आप्पा!" वर्ग हसून लोळला. संध्याकाळपर्यंत तो शब्द गावभर झाला.

दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्या दारात. हातात मेथीची जुडी, माझ्यासाठीच आणलेली.

"सर, पोरं मला अनहेल्पफुल म्हंत्यात. म्हंजी काय वो?"

माझी मान वर होईना. म्हणालो, "फार मदत करणारा."

आप्पा खुलले. कंपनीतल्या बिहारी पोरांना सांगू लागले, "कुछ लगा तो बोलो, हम अनहेल्पफुल हाय!" बँकेत नव्या साहेबांनाही त्यांनी हीच ओळख करून दिली. साहेब हसू दाबत खाली बघू लागले. सोबत आप्पांची सून होती, शिरूरच्या एका ऑफिसात कामाला. शिकलेल्या सुनेचा आप्पांना भारी अभिमान. औषधाच्या पाकिटावरचं इंग्रजी तीच त्यांना वाचून दाखवायची. घरी येताच तिनं खरा अर्थ सांगितला.

आप्पा तिला घेऊन तडक माझ्याकडे आले.

"सर, ही म्हंती, अर्थ उलटा हाय. तुमीच सांगा."

ती माझ्याकडे बघत होती. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

"मी सांगितला तोच," मी म्हणालो.

"बघ! सर कशापायी खोटं सांगतील?"

ती निघून गेली. त्यानंतर आप्पा औषधं घेऊन माझ्याकडे येऊ लागले. सकाळची गोळी कुठली, रात्रीची कुठली, मी अगदी नीट समजावून द्यायचो. दर वेळी ठरवायचो, आज सांगून टाकू. लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणूनच गप्प बसायचो.

गेल्या वर्षी आप्पा गेले. दशक्रियेला घाटावर श्रद्धांजलीची भाषणं झाली. माइक माझ्याकडे आला, तेव्हा आप्पा किती मदत करायचे ते मी सांगितलं. माणसं हळवी झाली. बायकांमध्ये बसलेली सून तेवढी जमिनीकडे बघत राहिली.

लोक पांगल्यावर मी तिच्यापाशी गेलो. "माझं चुकलं," म्हणालो.

"मला सांगून आता काय व्हनार, सर?" ती म्हणाली. "गेले त्या दिवशी आप्पांची छाती दुखत व्हती. घरात मी एकटी. गोळीचं पाकीट वाचून दाखवाय लागले, तर माझा हात धरला आन् म्हणले, 'तू नगं वाचू. सरांला बोलीव.'"