तुऱ्यातला ऊस

जळोचीत माझं घर, आणि घराची पुढची खोली हेच माझं चित्रांचं दुकान. बंगल्यांच्या हॉलसाठी धावणारे सात घोडे, बैलजोड्या, राधाकृष्ण, सगळं मी रंगवते आणि खोटं कशाला बोलू, मजेत रंगवते. पण माझा जीव अडकलाय तो उसाच्या तुऱ्यात. कलत्या उन्हात ते पांढरे तुरे रुपेरी दिसायला लागले की मी रस्त्यातच स्कूटी थांबवते.

गेल्या हिवाळ्यात बावड्याच्या एका तात्यांनी नव्या बंगल्यासाठी बैलजोडी सांगितली. मी बैलांच्या मागं हळूच तुऱ्यातला ऊस घातला. तात्या बघायला आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"ताई, बैल झ्याक हायती. पण ऊस तुऱ्यात? पाव्हणं म्हणतील, ह्यांच्या उसाला अजून कारखान्याची तोड मिळंना, वजन चाललंय घटत!"

मला रागच आला. तरी तुरे झाकून हिरवागार ऊस केला. राग मात्र दुसऱ्या मोठ्या कॅनव्हासवर काढला. त्यावर बैल नाही, माणूस नाही, नुसते तुरेच तुरे. तो दुकानातच समोरच्या भिंतीवर लावला.

तात्या बैलजोडी न्यायला आले, ते त्या चित्रापुढं उभेच राहिले. हातातला चहा निवला. मी मनात म्हटलं, आता हेही घेतो म्हणतात की काय!

शेवटी माझ्याकडं वळून काळजीनं म्हणाले, "ताई, कुणाचा का असंना, ह्यो ऊस आता उभा ठेवू नका. कारखान्यात वळख हाय माझी. तोड लावून देऊ का?"