शांताकाकूंच्या भिंतीवरचा ट्रॅक्टर

मास्किंग टेप सोलली, फडक्यानं धूळ पुसली आणि खालून पेन्सिलीचा बाण निघाला. बाणाशेजारी लिहिलं होतं, ‘पंखा’. मास्किंग टेप म्हणजे जिथे रंग लागू द्यायचा नाही तिथे लावायची कागदी पट्टी. लेकराचं चित्र समजून मी दोन दिवस इलेक्ट्रिशियनची खूण जिवापाड सांभाळली होती.

मी अमडापूरचा गजानन पेंटर. पस्तीस वर्षं झाली, घरं रंगवतो, दुकानांचे बोर्ड लिहितो. शांताकाकूंच्या घरी त्यांच्या मुलाचं, अमोलचं लग्न होतं. काम सुरू करतानाच काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या होत्या, "भाऊ, तेवढं दाराजवळचं अमोलचं चित्र राहू देजा. सुनेले दाखवाचं हाय." खोलीला दारं दोन. मला एका दाराशी गिचमिड दिसली. लहान लेकराचं चित्र असंच असतं, म्हणून मी खोलात गेलो नाही. दुसऱ्या दाराशी निळ्या खडूनं काहीतरी खरडलेलं होतं. ‘काय घाण केली पोट्ट्यानं’ म्हणत ते मीच घासलं, वर पुट्टी भरली आणि रंगाचे दोन हात मारले.

काकू पत्रिका वाटायला रोहिणखेडला गेल्या होत्या. बाण बघून, घासलं तेच अमोलचं चित्र होतं हे मला कळतंय, तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"चित्र नीट हाय ना, भाऊ?"

"हो, एकदम," मी म्हणालो.

"अमोल पाच वर्षाचा होता तवा. टॅक्टर काढला, पण त्याच्यावर डायवरच नाही. मी म्हटलं, डायवर कुठी गेला रे? तर म्हणे, चहा प्याले गेला." काकू हसता हसता थांबल्या. "आता पुन्याले गेला तर चार चार महिने येत नाही. तेवढंच हाय माह्यापाशी."

मला फार लाज वाटली. रंग वाळला होता. निळा खडू आणला आणि ट्रॅक्टर काढला. तो थेट शोरूमच्या बोर्डावरचा निघाला. पुसून डाव्या हातानं काढला. तोही सुबक. पस्तीस वर्षं हाताला सरळ रेघेची सवय लावली, आता वाकडी रेघ येईना.

शेवटी शेजारच्या पाच वर्षांच्या स्वराला बोलावलं.

"भिंतीवर काढू?" ती मागे सरकली. "आजी मारन!"

"नाही मारत. मी सांगतो आजीले."

"तुमालेबी मारन."

मी तिच्या आजीची परवानगी आणली. आजीनं मला आपादमस्तक न्याहाळलं, पण हो म्हणाली. स्वरानं चार चाकं काढली, चारही वेगळ्या मापाची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते वाईट होतं.

"डायवर नको काढू बरं, बेटा," असं बजावून मी ब्रश धुवायला गेलो. परत आलो तर ट्रॅक्टरवर मिशीवाला माणूस बसलेला.

"अवं, हा काऊन काढला?"

"मंग चालवन कोण?" स्वरानं विचारलं.

एवढ्यात काकू दारात. त्या चित्रासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी सगळं कबूल केलं. बाण, पुट्टी, स्वरा, सगळं. काकू खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या.

"पंचवीस वर्सं लावले मेल्यानं चहा प्याले!" त्या म्हणाल्या. "राहू द्या, भाऊ. डायवर आला, आता अमोलबी येईन."

तेव्हापासून मी रंगाचा डबा उघडण्याआधी गिऱ्हाइकाला भिंतीवर बोट ठेवायला लावतो आणि बोटासकट फोटो काढतो. काकूंनी पंख्याचा बाणही पुसू दिला नाही. लग्न लागल्यावर अमोल बायकोला घेऊन सरळ त्या बाणापाशी गेला आणि म्हणाला, "हे मी लहानपणी काढलेलं."