चिंचेचा शेंडा

उस्ताद माणसाला चढताना कधी बघायचा नाही, उतरताना बघायचा. आमच्या फाट्यावर वाईची एस.टी. थांबली की टपरीपुढच्या दगडावर बसून तो उतरणाऱ्या प्रत्येकाचे पाय बघायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल द्यायचा. "ही म्हातारी जगंल. दोन्ही पाय संगट टेकलं. आन ह्या जावयाचं कंबरडं जाणार. सासुरवाडीला आलाय म्हणून ऐटीत हाय, पर टाच आधी टेकतोय." एखादा फारच तोऱ्यात उतरला तर उस्ताद त्याच्या पायात काठी घालायचा. माणूस धुळीत आडवा झाला की वरून विचारायचा, "पडायला शिकला न्हाईस, आन उतरायला निघालास व्हय?"

जावयाला बोलायचा, पण हा स्वतःच घरजावई. मूळचा सांगलीकडचा, तासगावच्या अंगाचा. बायकोला भाऊ नव्हता, म्हणून तिची कृष्णाकाठची जमीन कसायला आमच्या गावात राहिला. त्याआधी सारी उमर पॅराशूटवाल्या पलटणीत हवालदार. एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शनीत आला. गाव त्याला तोंडावर उस्ताद म्हणायचं आणि माघारी घरजावई. आम्ही पोरं तोंडावर आवंजावं करायचो, माघारी अरेतुरे. आता लिहायला बसलो तरी माझ्याकडून अरेतुरेच होतं. त्याच्याविषयी गोडगोड लिहिलेलं त्याला खपलं नसतं, आणि मला जमणारही नाही. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं जे शिकलो ते काठीनं शिकलो.

दुष्काळ सरला, त्यानंतरची ही गोष्ट. आमच्याकडं घरटी एकजण फौजेत. आम्हालाही जायचं होतं, तेही छत्रीवाल्या पलटणीत, कारण तिथली टोपी वेगळी असते. उस्तादाकडं गेलो तर म्हणाला, "पळायला तुमाला कुणीबी शिकवंल. मी फकस्त पडायला शिकवतो. हवेत कुणी मरत न्हाई. मरतं ते जमिनीवर."

शिकवणं असं. काकी, म्हणजे त्याची बायको, सकाळी आमच्यासाठी ज्वारीच्या भाकरी थापायची. उस्ताद प्रत्येकाची भाकरी त्याच्याच दोन घोट्यांच्या मधे धरायला लावायचा आणि नदीच्या दरडीवरून खाली नांगरटीत उडी घ्यायला सांगायचा. पाय जुळलेले, गुडघे जरा वाकलेले, जमीन लागली की पोटरीवरून कुशीवर, कुशीवरून पाठीवर लोळायचं. घोटे फाकले की भाकरी निसटायची, आणि निसटलेली भाकरी कुत्र्याला. त्या दिवशी त्या पोराला दुसरी नाही. काकी पदराआड एखादी आणायची, तर उस्ताद तीही कुत्र्यालाच घालायचा. पंधरवड्यात कुत्रं असं तकतकीत झालं की आमच्यातच शिकणारा उस्तादाचा मुलगा तानाजी म्हणाला, "गड्या, आपल्या आदी हेच भरती हुतंय बघ."

मग बैलगाडी. वारं असलं की छत्री माणसाला सरळ खाली आणत नाही, फरपटत नेते. म्हणून चालत्या गाडीच्या मागल्या कडेला, तोंड मागं करून उभं राहायचं आणि त्यानं खाकरलं की उतरायचं. हात पुढे टेकला की मनगटावर काठी. "हात मोडला तर बायकू घास भरवंल. रायफल कोण धरंल?" माझा पुढचा दात तिथंच ढेकळावर पडला. उस्तादानं गाडी थांबवली, वाकून ढेकळात तो दात शोधला आणि माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, "सरकारी न्हाई, तुझा हाय. जपून ठेव."

शेवटचा धडा चिंचेखाली. आमच्या नदीकाठची चिंच म्हणजे सातारा जिल्ह्यात तसली दुसरी नाही. मी अजून कुणी दाखवली तर मानीन. तिच्या फांदीला उस्तादानं जुन्या मोटेच्या कातड्याचा एक जोता, छत्रीच्या पट्ट्यांसारखा अंगात अडकवायचा, टांगला होता. विहिरींवर तेव्हा इंजिनं आली होती, मोटा अडगळीत पडल्या होत्या. त्या जोत्यात पोराला अडकवायचं, नाड्यानं वर ओढायचं. खांद्याच्या वर चार पट्टे. "छत्री हवेवर बसलेली असती," तो सांगायचा. "एका अंगाचा पट्टा छातीपत्तोर वढ. तिकडची कड खाली येती, हवा सांडती, तू बिगीनं खाली येतोस. पुढं तारा हायती, कालवा हाय, वारं तुला तिकडं ढकलतंय, तवाच वढायचा. पर वढलेला पट्टा धरून जमिनीला आलास, तर तुला गोळा करायला पाटी आणावी लागंल. आदी सोड, छत्रीला पुन्ना फुलू दे, मग टेक." आणि मग त्याचं ठरलेलं वाक्य: "वढणं गाढवालाबी येतंय. सोडायचं कवा, ते ज्येला कळलं त्यो म्हातारा हुतो."

कधी सोडायचं, याला त्याच्याकडं एकच माप होतं. चिंचेसमोर एक टेकाड आहे. त्याच्या माथ्यावर उभं राहिलं की चिंचेचा शेंडा बरोबर डोळ्यांसमोर येतो. तिथं तो आम्हाला उन्हात उभं करायचा, चक्कर येईपर्यंत. "हे माप डोळ्यात घाला. झाडाचा शेंडा डोळ्यासमोर आला, की सोड." पुढे जोत्यात टांगून, काठीनं ढोसत तो ओरडायचा, "शेंडा आला," आणि हातातला पट्टा त्याच क्षणी सुटला नाही तर तो वरचा नाडा सोडून द्यायचा. पोरगं धप्पकन खाली.

सगळ्यांत जास्त मार तानाजीला. तो चुकला तर मार, आणि आमच्यातला दुसरा चुकला तरी "तू ह्येला सांगितलं न्हाईस" म्हणून मार. एकदा काठी बसताना त्याच्या तोंडून "आबा" गेलं, तर उस्ताद म्हणाला, "इथं तुला बाप न्हाई. बाप घरी हाय, दूध पितोय." खरं तर आमच्यात तानाजीच चांगला उतरायचा, मांजरासारखा. मी कुणाला सहजी मोठं म्हणत नाही, पण हे म्हणतो. त्याला एकच गोष्ट हवी होती: बापानं एकदा म्हणावं, "बरा उतरलास." मला तो एकदा तसं म्हणाला होता. तानाजी त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही.

आम्ही दोघंही भरती झालो. उत्तरेत छत्रीचं शिक्षण झालं, उड्या झाल्या. प्रत्येक उडीनंतर तानाजी विचारायचा, "म्हाताऱ्यानं बघितलं असतं तर काय म्हणला असता?" मी म्हणायचो, "टाच आदी टेकली म्हणला असता."

एका सकाळी उडीनंतर वारं फिरलं आणि आम्हाला माळाच्या कडेच्या विजेच्या तारांकडं नेऊ लागलं. तानाजी माझ्या पुढे होता, तारांच्या जवळ. त्यानं पट्टा ओढला. बरोबर केलं, मीही ओढला असता. त्याच्या छत्रीची कड दुमडली आणि तो झरझर खाली गेला, तारांच्या अलीकडं. मी वरून बघत होतो. आता सोडेल, आता सोडेल. त्यानं सोडला तेव्हा छत्रीला फुलायला हवाच उरली नव्हती.

मी उतरून त्याच्याजवळ धावलो. खुब्याचं हाड मोडून पाय उलटा वळला होता. शुद्धीवर होता. म्हणाला, "शेंड्याला सोडला रं. शेंडा डोळ्यासमोर आला, तवाच सोडला." मी आजूबाजूला बघितलं. त्या सगळ्या माळावर खुरट्या बाभळी होत्या. एक उंच झाड नाही. चिंचेच्या पायथ्याला लागतील एवढे त्यांचे शेंडे.

फौजेनं तानाजीला बोर्डआऊट केलं, जायबंदी म्हणून कायमचं घरी पाठवलं. मी सुट्टी काढून त्याला गावी आणलं. एस.टी. फाट्यावर थांबली तेव्हा उस्ताद त्याच्या दगडावर बसला होता. टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. हा उठला नाही. तानाजीनं आधी कुबड्या टेकल्या, मग चांगला पाय, मग दुसरा. मी आधाराला हात पुढे केला, तर उस्ताद म्हणाला, "हात काढ. उतरू दे त्येला."

तानाजी उतरला, धुळीत उभा राहिला.

"कुठल्या झाडाला सोडलास?"

"बाभळीला."

"बाभूळ म्हंजी झाड व्हय रं?"

"तुमी झाड म्हणला हुता, आबा. चिंच म्हणला न्हवता."

मला वाटलं, आता काठी उठणार. उस्तादानं मुलाच्या पायाकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "चला. भाकरी निवल्या असत्याल." आणि पुढे चालू लागला. नेहमीच्या चालीनं, मागं कुबड्या वाजत होत्या, तरी पाऊल हळू केलं नाही.

त्यानंतर पोरं शिकवताना त्याच्या तोंडून 'झाड' हा शब्द कधी आला नाही. "चिंच डोळ्यासमोर आली की सोड. चिंच नसंल तितं चिंच मनात उभी कर." एवढंच करून तो थांबता तर बरं झालं असतं. पण दर नव्या पोरांच्या टोळीपुढे तो तानाजीला टेकाडावर उभा करायचा, धोतर गुडघ्यावर घ्यायला लावायचा आणि वाळलेल्या पायावर काठीचं टोक ठेवून सांगायचा, "हा बघा. हा बाभळीला सोडणारा." काकी एकदा भडकली. "आवं, लेक हाय का जत्रंतलं अस्वल?" तो म्हणाला, "अस्वल असतं तर नाचलं असतं."

तानाजीला तोवर सांगलीजवळ कुपवाडच्या एका कारखान्यात बसून करायचं काम मिळालं होतं. तरी सुट्टीच्या दिवशी तो एस.टी.नं यायचा, मुद्दाम पोरांच्या वेळेला यायचा, आणि न सांगता टेकाडावर जाऊन उभा राहायचा. मला ते बघवेना. सुट्टीवर आलो असताना त्याला म्हटलं, "लाज कशी वाटंना तुला? येत जाऊ नको."

तो हसला. "मी हितं उबा राहिलो की त्येला माझ्याकडं बघावं लागतं. माझ्या मागं चिंच हाय. तीबी बघावी लागती. त्यो मला पोरास्नी दावतो, गड्या. मी त्येला दावतो."

बापलेकांचं हे असं चाललं. दोघांपैकी कुणीही पट्टा सोडला नाही.

सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा उस्तादाच्या पोटात गाठ झाली. अंगाचं चिपाड झालं. दुखण्यानं ओरडायचा नाही, पण बाजेचा सुंभ मुठीत असा आवळून धरायचा की बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. मी भेटायला गेलो तर माझे पाय बघून म्हणाला, "टाच अजून आदी टेकतीया तुझी." गाव कुजबुजत होतं की ह्याचा जीव कशात अडकलाय कळत नाही. देव नेईना, हा जाईना. काकी रोज दिवा लावून म्हणायची, सोडव रे बाबा.

तानाजी कुपवाडचं काम सोडून उशाशी येऊन बसला होता. भर दुपारी, आम्ही चारदोन माणसं बाजेभोवती असताना, त्यानं बापाची मूठ हातात घेतली आणि एकेक बोट सुंभावरून सोडवू लागला. कानाशी वाकून म्हणाला, "आबा, सोडा आता. चिंच आली."

उस्तादानं डोळे उघडले. आधी पोराचा वाळका पाय बघितला, मग तोंड. सोडवलेली बोटं त्यानं पुन्हा सुंभावर नेली आणि आवळली.

"न्हाई," म्हणाला. "बाभळीला सोडतो."

आणि तसंच केलं त्यानं. दुसऱ्या दिवशी गुरं रानातून घरी परत येईपर्यंत धरून राहिला.